वाघळाचा उष्टा पेरू

पेठ तालुक्यातल्या त्या पाड्यावर मंगळूला कोणी नुसतं नावाने हाक मारत नाही. सगळे त्याला 'वाघळ्या' म्हणतात, आणि प्रेमाने म्हणतात असं मुळीच समजू नका. अकरा वर्षं झाली, पुण्याहून संशोधक येतात आणि मंगळू त्यांच्यासाठी वटवाघळं धरतो. दिवस मावळायच्या आत बांबूंना बारीक जाळं लावायचं. अंगभर पांढरा सूट, दोन थरांचे हातमोजे, तोंडाला मास्क. जाळ्यात आलेलं वाघूळ पंख न फाडता सोडवायचं, कापडी पिशवीत घालून वजन करायचं, त्याच्या घशातून कापसाची काडी फिरवायची आणि मोकळं सोडायचं. त्या काडीवर कोणकोणते विषाणू बसलेत ते पुण्यात तपासतात. मोठमोठ्या पदव्यांची माणसं पहिल्याच दिवशी स्वतःची बोटं जाळ्यात गुंतवून बसतात. मंगळू सातवी नापास, पण त्याच्या हातून आजवर एकही वाघूळ दगावलेलं नाही. याचा त्याला गर्व आहे आणि तो लपवत नाही. लपवावा तरी कशाला?

हात बसला तो बापामुळे. बाप वाघळं मारायचा, चरबी वितळवून गुडघ्याचं तेल म्हणून विकायचा, मांस घरी शिजायचं. मंगळूनेही ते बोटं चाटत खाल्लं आहे. "तेव्हा कुठं काय झालं?" असं कोणी म्हटलं की तो उसळतो. "डोळे झाकून हायवे ओलांडला आन् वाचलो, म्हणून रोज ओलांडायचा का?"

कोरोनाच्या साली टीव्हीने वाघळाचं नाव घेतलं आणि पाड्याला एकदम मंगळूची आठवण झाली. त्याच्या बायकोला, भागीबाईला, हापशावर सगळ्यांच्या मागून पाणी भरावं लागलं. ओहोळाकाठच्या जुन्या सादड्याच्या झाडावर वाघळांची वस्ती आहे. तिथे पाच-पंचवीस माणसं टायर आणि फटाके घेऊन निघाली. मंगळू आधीच झाडाला पाठ लावून उभा होता.

"हाय, विषाणू हाय त्यांच्यात!" तो ओरडला. "मी कधी नाय म्हटलं? त्यांच्या अंगात तो बिऱ्हाड करून ऱ्हातो, त्यांना ना ताप ना खोकला. पण धूर करून पिटाळलं की भेदरलेलं, उपाशी वाघूळ लाळेतून, मुतातून तो जास्तच सांडतं. सांडणार कुठं? तुमच्याच विहिरीवर, तुमच्याच आंब्यावर. आन् तुमच्या मोहाच्या झाडाला फळ धरतं ते कोणाच्या जिवावर? रातच्याला फुलाफुलावर हीच फिरतात! त्यांना वर ऱ्हाऊ द्या, आपण खाली ऱ्हाऊ!"

माणसं परत गेली. पटलं म्हणून नव्हे. त्याला हात लावून बाजूला करायची कोणाची छाती झाली नाही म्हणून. ज्या भीतीने वाळीत टाकलं तिनेच झाड वाचवलं, हे सांगताना मंगळू अजून पोट धरून हसतो.

भागीबाईला मात्र हसू येत नव्हतं. पोरगी लग्नाची होती. मोहिनी नाशिकला औषधांच्या दुकानात कामाला, दिसायला चांगली, बोलायला धीट. तरी दोन सोयरिकी 'वाघळ्याचं घर' ऐकून फाटकातूनच मागे फिरल्या. तिसरं स्थळ कळवणकडचं. धनराज टेम्पो चालवायचा. तो आणि मोहिनी एकमेकांना आधीपासून पसंत होते, आणि म्हणूनच भागीबाईच्या जिवाला घोर होता. "आता हेही मोडलं तर पोरगी तुम्हांला काय म्हणंल?" ती महिनाभर विचारत होती.

गेल्या हिवाळ्यात धनराजला घेऊन पाहुणे आले. धनराजचे वडील नव्हते, त्यामुळे बोलणीत चुलते गोटीराम पुढे. हा माणूस गावात सरपंचालाही मधेच थांबवून बोलणारा. चहा झाला, ओळखीपाळखी निघाल्या, आणि गोटीरामने मिशीवरून हात फिरवला.

"पोरगी गुणाची हाय. आम्हांला पसंत. फक्त एकच. हे वाघळाचं काम आजपासून बंद. आमच्या घरात लेकरंबाळं हायेत, रोगराई नको. शब्द द्या, लगेच सुपारी फोडू."

आतल्या दारात मोहिनी उभी होती. मंगळूने तिच्याकडे पाहिलं आणि त्याच्या जिभेवर 'हो' आलं. खोटं कशाला सांगा, आलं. एका शब्दात लेकीचा संसार उभा राहत होता. अकरा वर्षं पाड्याला पुरून उरलेला माणूस मान खाली घालून म्हणाला, "जरा विचार करू द्या." आपलाच आवाज ऐकून त्याला स्वतःची लाज वाटली.

"करा की, सावकाश करा," म्हणत गोटीराम पाय मोकळे करायला परसात गेला. तिथे पेरूचं झाड होतं. मंगळू रोज सकाळी उष्टे पेरू वेचून पुरायचा. आज पाहुण्यांच्या गडबडीत ते राहून गेलं होतं. गोटीरामने फांदीवरचा एक अर्धा खाल्लेला पेरू हेरून तोडला. "पाखरानं चाखलेला पेरू म्हंजे गूळच!" असं म्हणत त्याने तो धोतराला पुसला आणि तोंडाकडे नेला.

मंगळू कसा धावला ते कोणालाच कळलं नाही. त्याने असा फटका मारला की पेरू उडून कुंपणापलीकडे पडला.

"पाहुण्याच्या तोंडचा घास काढतो?" गोटीराम ओरडला.

मंगळूने पिशवी मोज्यासारखी हातावर चढवून पेरू उचलून आणला. "हे बघा. पोपटानं टोचला तर चोचीचं भोक पडतं. ही दातांची रांग हाय. झाडाखाली बघा, चावून थुंकलेला चोथा. हा वाघळाचा उष्टा हाय, रातचाच. मी वाघळाला हात लावतो तो दोन-दोन हातमोजे घालून. तुम्ही तर सरळ तोंडात घालत होता! तुमच्या घरात रोग मी नेणार होतो का तुम्ही?"

गोटीरामच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"हे मला कोणी शिकवलं? ह्याच कामानं," मंगळू म्हणाला. "पुण्याच्या माणसांना इथल्या वाघळात काय हाय ते कळतंय, ते ह्या हातांमुळं. उद्या कुठं रोग निघाला तर तुमच्या लेकराबाळांना त्याचाच उपेग होणार हाय. नाय सुटणार काम. सोयरीक ऱ्हावो नायतर जावो."

बोलून गेला, आणि मग त्याला कळलं आपण काय बोललो ते. मागे वळून लेकीकडे पाहायची त्याची हिंमत होईना. भागीबाईने पदर तोंडाला लावला. गोटीराम जीपकडे निघाला.

वाटेत मोहिनी बादली आणि साबण घेऊन आडवी आली. "काका, आधी हात धुवा. मग जायचं तर जा."

गोटीरामने तिच्याकडे रागाने पाहिलं, मग स्वतःच्या तळहाताकडे पाहिलं. आणि तो ताठ मिशांचा माणूस बादलीपाशी उकिडवा बसला. एकदा नाही, तीनदा साबण लावला, कोपरापर्यंत. मग कोणाकडेही न बघता जीपमध्ये जाऊन बसला आणि हॉर्न वाजवू लागला.

धनराज सतरंजीवरून हलला नाही. हॉर्न पुन्हा वाजला.

"जा बाबा," मंगळू त्याला म्हणाला. "तुझे वडीलधारे बोलावतायत. माझं काम सुटणार नाय."

"ते ऐकलं मी, मामा," धनराज म्हणाला. "काकांना वाजवू द्या. तुम्ही सुपारी फोडा."

मंगळूने आता कुठे मागे वळून पाहिलं. मोहिनी खलातला बत्ता हातात घेऊन केव्हाची उभी होती.