बाबांच्या जॅकेटखाली

रविवारी सकाळी बाबांना घेऊन यू यांग्जला फिरायला गेले होते. आम्ही राहतो त्या वेरिबीपासून गाडीने जवळच, झाडी आणि खडकांचा डोंगर. तिथे जे झालं, ते लिहितेच.

बाबा पुण्याहून तीन महिन्यांसाठी इथे आमच्याकडे, कांगारूंच्या देशात आलेत. सत्तरी उलटली तरी चालायला माझ्यापेक्षा तरतरीत. ऐकायला मात्र कमी येतं, आणि त्यात इथलं इंग्लिश! एवढ्या उन्हात जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढलेली. काढा म्हटलं तर खेकसले. म्हटलं, उकडू दे, मला काय!

चालताना सारखा उजवा हात कमरेशी. मला वाटलं, कंबर धरली. एकदा बुटाची लेस बांधायला वाकले, तर मागून येणारी एक बाई थबकली आणि चक्क उलटी फिरली. काय माणूस आहे, साधं गुड मॉर्निंग नाही...

खाली कार पार्कला आलो तर पोलिसांच्या दोन गाड्या. मला वाटलं, पार्किंग चुकलं आपलं. तेवढ्यात एक तरुण कॉन्स्टेबल मुलगी ओरडली, थांबा, हात दिसतील असे ठेवा! तिचा स्वतःचा हात पिस्तुलावर होता.

मी हात वर केले... बाबा मात्र हसतमुख. "अगं, याच्याबद्दल विचारत असतील," म्हणाले आणि जॅकेटची चेन खाली ओढली.

कमरेला रिव्हॉल्व्हर खोचलेलं! माझ्या मुलासाठी दिवाळीला आणलेलं, टिकल्या उडवायचं. टिकल्या पुण्यातच राहिल्या होत्या. पण काळं, लोखंडी... लांबून कुणालाही खरंच वाटेल असं.

"खेळणं आहे, दाखवतो ना त्यांना." बाबांचा हात रिव्हॉल्व्हरच्या मुठीकडे निघाला. त्या मुलीने पिस्तूल बाहेर काढलं.

मी किंचाळले, "बाबा, हात वर करा!" तर म्हणतात, "का? मी काय चोर आहे?" हात तिथेच. आणि मला 'टॉय' हा एवढासा शब्द तोंडातून फुटेना... आता ही गोळी घालणार, माझ्या डोळ्यांदेखत.

कुठून सुचलं देव जाणे. "बाबा, त्यांना नमस्कार करा!"

आमचे बाबा नमस्कार कधी एका हाताने उरकत नाहीत. दोन्ही हात झटकन वर आले, छातीशी जुळले. वर थोडे वाकलेसुद्धा! दुसऱ्या पोलिसाने मागून येऊन ते रिव्हॉल्व्हर काढून घेईपर्यंत तसेच उभे होते.

डोंगरावर लेस बांधायला वाकताना जॅकेट वर सरकलं होतं, ते त्या उलट्या फिरलेल्या बाईने पाहिलं आणि पोलिसांना फोन केला. बरोबरच केलं तिने. खेळण्यातलं असलं तरी असं लपवून फिरणं इथे गुन्हा आहे, हे पोलिसाने नीट समजावलं. नाव-पत्ता घेतला, वस्तू जप्त केली, ताकीद देऊन सोडलं. ती मुलगी गाडीला टेकून पाणी पीत होती, बाटली धड तोंडाला लागत नव्हती तिच्या. मी थँक यू म्हटलं तर नो वरीज म्हणाली... आणि तिचेच डोळे भरून आले. ती थांबली म्हणून आज मी हे लिहितेय.

गाडीत बसल्यावर मी बाबांवर यथेच्छ तोंडसुख घेतलं. कांगारूंना घाबरवणार होतात का?

तेव्हा बाबा हळूच बोलले. मागच्या आठवड्यात आमच्या घराजवळ एकटे चालत असताना गाडीतून दोघांनी त्यांच्या अंगावर कॅन फेकला होता. नंतर गाडी हळूहळू मागे येत राहिली... "तुला सांगितलं असतं तर तू माझं फिरणं बंद केलं असतंस."

केलंच असतं हो. माझा राग कुठल्या कुठे गेला, रडूच आलं. एवढे घाबरले होते, आणि मला पत्ता नाही!

त्या दोघांची तक्रार केली आहे. संध्याकाळी आता मीही बरोबर जाते.

आत्ता बाबा हॉलमध्ये मराठी बातम्या लावून बसलेत, आवाज शेजाऱ्यांपर्यंत जात असेल. रोज मी ओरडते, आवाज कमी करा म्हणून. आज नाही... लावा बाबा, फुल लावा.