काष्टीच्या आक्का आणि रेवदंड्याची भरती

काष्टीहून निघताना खरं तर माझ्याबरोबर आमचे हे येणार होते. पण ऐनवेळी उसाला कारखान्याची तोड आली, फडात टोळी उतरली आणि ह्यांचं येणं रद्द झालं. त्यांच्या जागी माझ्या थोरल्या जाऊबाई, आमच्या आक्का, एसटीत येऊन बसल्या. बसायच्या आधीच त्यांनी अट घातली, "किल्ला दाव, देवळं दाव. पान्याजवळ मला न्हाई न्यायचं."

अट नवी नव्हती. लहानपणी आक्का विहिरीत पडल्या होत्या. वडिलांनी केसाला धरून वर काढलं म्हणून वाचल्या. तेव्हापासून सिद्धटेकला गेलो की आम्ही सगळ्या भीमेत पाय बुडवतो आणि आक्का वर घाटावर आमच्या चपला राखत बसतात.

पुण्यात आणि अलिबागला गाड्या बदलून रेवदंड्याला पोहोचलो. रस्ता किल्ल्याच्या तटातूनच गावात शिरतो. आत वाड्या (नारळ-पोफळीच्या बागा), कौलारू घरं, अंगणात वाळत घातलेल्या सुपाऱ्या. आमच्याकडच्या रखरखीतून आलेल्या माणसाला एवढी सावली बघून अंगावर काहीतरी पांघरल्यासारखं वाटतं.

जेवायला कमळताईंच्या घरगुती खाणावळीत गेलो. ताटात तांदळाची भाकरी, जवळ्याचं (अगदी बारीक कोळंबीचं) कालवण आणि सोलकढी. आक्कांनी भाकरी उजेडात धरली.

"आगं सुमन, ही भाकरी हाय का रुमाल?" म्हणाल्या आणि पुन्हा दोनदा मागून घेतली.

"कुठच्या तुम्ही?" कमळताईंनी विचारलं.

"नगर जिल्ह्यातल्या," मी म्हटलं.

"नगरच्या? मग तुमच्याच माणसांनी वेढलेलं की आमचं गाव!"

मी चकित. मग त्यांनीच उलगडून सांगितलं. हा कोट पोर्तुगीजांचा आणि शेजारचं चौल हे नगरच्या निजामशाहीचं बंदर. दोघांचं बिनसलं, निजामशाहीच्या फौजेनं कोटाला वेढा घातला, तोफा डागल्या, पण कोट काही पडला नाही.

"आमी न्हाई हो त्यातल्या," आक्का घाईघाईनं म्हणाल्या. "आमच्या काष्टीत नुसता बैलबाजार भरतो."

कमळताई पोट धरून हसल्या आणि वैर मिटलं म्हणून दोघींच्या वाट्या सोलकढीनं पुन्हा भरल्या. निघताना त्यांनी बजावलं, "तटाच्या बाहेरून वाळूवरून फिरता येतं, पण भरती लागायच्या आत माघारी या."

सातखणी मनोरा पाहिला. सात मजल्यांतले थोडेच उरलेत, पायथ्याशी जुन्या तोफा गवतात पडल्यात. तिथून तटाच्या खिंडारातून बाहेर आलो. समुद्र दूरवर नुसता चमकत होता. "लांब हाय तवर चालंल," आक्का म्हणाल्या आणि एक हात तटाला लावून चालू लागल्या.

मी दगडांवरची झिजलेली नक्षी बघत रमले. मागून आक्कांची हाक आली तेव्हा वळले. ज्या वाळूवरून आलो, तिच्यावर पाणी पसरलं होतं. खिंडाराकडे जायचं तर आता पाण्यातूनच जावं लागणार होतं.

"मी न्हाई येत," आक्का तटाला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"गुडघ्याएवढंच आहे, आक्का. मी आधी जाऊन दाखवते," म्हणत मी पुढे झाले आणि शेवाळलेल्या दगडावरून पाय सटकून सपशेल आडवी झाले. लाट तोंडावरून गेली. उठायला जावं तर दुसरी आली. नाकातोंडात खारं पाणी, डोळ्यांना काही दिसेना.

तेवढ्यात दंडाला घट्ट पकड बसली. आक्का! पाण्यात कमरेत वाकून मला ओढत होत्या आणि ओरडत होत्या, "उट, सुमन! उट म्हन्ते ना!"

एकमेकींना धरून आम्ही खिंडारापाशी आलो. मी धापा टाकत कोरड्या दगडावर बसले. आक्का मात्र उभ्याच होत्या. स्वतःच्या निथळत्या लुगड्याकडे बघत राहिल्या. मग हसू फुटलं त्यांना. आधी बारीक, मग खदखदून.

"मी पान्यात गेल्ते गं!"

"गेलात की!"

त्यांनी लुगडं वर खोचलं आणि मी अडवायच्या आत पुन्हा चार पावलं पाण्यात गेल्या. लाट आली की "आली बया!" म्हणून ओरडायच्या, ओसरली की पायाखालची वाळू सरकते म्हणून हसायच्या. सूर्य बुडाला तरी त्यांना बाहेर काढताना मला तीनदा हाका माराव्या लागल्या.

काष्टीला परतलो तेव्हा ओसरीवर भावकीतल्या बायका जमल्या. मी मनोरा सांगितला, तोफा सांगितल्या, आपल्या नगरची फौज तिथवर गेली होती तेही सांगितलं. त्यांनी मान डोलावली. माझं सांगणं खरं होतं, पण ते पुस्तकातही सापडलं असतं. हे माझं मलाच जाणवत होतं, तेवढ्यात एकीनं विचारलं, "आक्का, समुद्र कसा असतो हो?"

आक्कांनी दोन्ही हात पसरले. मग मान हलवली.

"तसं सांगून न्हाई कळायचं," त्या म्हणाल्या. "ऊस जाऊंद्या एकदा. मी नेते समद्यांला."