लुईसअंकलचं डँडेलियन

लुईसअंकल गेल्याचा फोन बहारीनमधल्या मुहर्रकच्या आमच्या गॅरेजमध्ये आला, तेव्हा मी पिकअपखाली आडवा होतो. स्टोअरकीपरनं वाकून सांगितलं, "तुझा अंकल खलास." माझ्या मनात पहिला विचार आला तो माझ्या व्हिसाचा. आता सही कोण करणार? लिहायला लाज वाटते, पण खरं तेच. संध्याकाळी सनाबिसच्या त्यांच्या खोलीत वसईची माणसं जमली. एकजण डोळे पुसत म्हणाला, "देवमाणूस गेला." देवमाणूस? दहा वर्षांत या माणसानं मला एकदाही नावानं हाक मारली नाही. माझं शिक्षण सातवीपर्यंतच, म्हणून "ए सातवी!" सगळ्या ऑफिससमोर.

मी माण तालुक्यातला. मुंबईत ज्यांच्या टेम्पोवर क्लीनर होतो, ते अंकलचे मेव्हणे. त्यांच्या शब्दावर अंकलनी मला ड्रायव्हर म्हणून बहारीनला बोलावून घेतलं. सत्तरचं दशक संपत आलं होतं. अंकल कंपनीत हेडक्लार्क, आमचे व्हिसाचे कागद त्यांच्या सहीनंच पुढे जायचे. हे उपकार मी कधी विसरलो नाही, आणि त्यांनी विसरू दिले नाहीत. शुक्रवारी सकाळी त्यांचा चर्चमधला मास उरकला की मी पिकअप घेऊन हजर राहायचं. बाकीचे ड्रायव्हर कपडे धुवायचे, घरी पत्रं लिहायचे, आणि मी या माणसाला झल्लाकच्या बाजूला रानफुलं बघायला न्यायचो.

थंडीत दोन सरी पडल्या की तिथल्या वाळूवर महिनाभर हिरवं उगवतं. अंकल वसईच्या वाडीत वाढलेले, हिरवं दिसलं की त्यांना राहवत नसे. मायदेशी परतणाऱ्या एका इंग्रज इंजिनियरनं त्यांना जाडजूड पुस्तक दिलं होतं, त्याच्या थंड मुलखातल्या रानफुलांचं. पानोपानी रंगीत चित्रं. ते पुस्तक बायबलसारखं छातीशी धरून अंकल वाळूत फिरायचे आणि उन्हात करपलेलं प्रत्येक झुडूप त्यातल्या कुठल्यातरी चित्राला जुळवायचे. मला गुडघ्यावर बसवायचे. "आधी देठ मोज. मग पान उलटं कर, लव आहे का बघ. मग पाकळ्या. नाव सगळ्यात शेवटी, समजलं, गाढवा?" चुकलो तर पुस्तकच डोक्यात. एकदा पिवळ्या पाच पाकळ्या दाखवून म्हणाले, "हे बटरकप." मी चपलेत घुसलेला काटा उपटत होतो. म्हटलं, "अंकल, बटरकपला काटे असतात का? हा आमचा सराटा." तर म्हणाले, "तुझ्या गावात धड शाळा नाही आणि सराटा बरा आहे!"

मी गप्प बसायला शिकलो. देठ मोजायलाही शिकलो.

पाच-सहा वर्षं अशीच गेली. मग एका शाळेतल्या इंग्रज मॅडमनी मुलांसाठी बेटावरच्या रानफुलांची यादी करायला घेतली आणि कुणीतरी त्यांना अंकलचं नाव सांगितलं. अंकलनी चाळीस नावं टाईप केली, नवा शर्ट घातला. झल्लाकला एका रोपापाशी थांबून म्हणाले, "डँडेलियन, मॅडम." जमिनीलगत पानांचा चक्राकार पसारा, पिवळं फूल, मोडलं की पांढरा चीक. लहानपणी बांधावरून उपटून भाकरीबरोबर खाल्लेली पाथरी! माझ्या तोंडून "च्" असं काहीतरी निघालं असावं. मॅडमनी माझ्याकडे बघून हातानंच विचारलं, काय? अंकलची नजर माझ्यावर. महिन्याभरात माझा व्हिसा संपत होता. 'काही नाही' एवढंच म्हणायचं होतं.

पण डोक्यात सहा वर्षांचं ते पुस्तक आदळत होतं. मी खाली बसलो आणि पुस्तकातलं चित्र उघडून रोपाशेजारी धरलं. चित्रात एक सरळ पोकळ देठ, टोकाला एकच फूल. इथे एका देठाला चार फाटे, चारांवर चार फुलं. मी बोटानं मोजून दाखवलं. "इसका नाम पाथरी, मॅडम. हमारे गाँव में खाते हैं." मॅडम आधी हसल्या, मग गंभीर झाल्या, आणि ती यादी त्यांनी घडी करून अंकलना परत दिली.

परतल्यावर सनाबिसला उतरताना अंकल म्हणाले, "मीच आणला, आणि माझीच अब्रू काढलीस. व्हिसा संपतोय ना? बघू."

तो महिना मी कसा काढला ते मला ठाऊक. घरी दुष्काळ, बायकोला दिवस गेलेले. मी बॅग भरून खाटेखाली ठेवली. शेवटच्या दिवशी त्यांनी बोलावलं, माझ्याकडे न बघता सही केली आणि कागद टेबलावरून भिरकावला. मी पाया पडायला वाकलो.

"नाटकं नकोत. तुझ्यावर मेहरबानी नाही ही. नवा गाढव आणून त्याला पुन्हा देठ मोजायला कोण शिकवणार? शुक्रवारी गाडी आण."

नेली. पण त्यांनी माझं म्हणणं मान्य केलं असं कुणी समजू नये. पुढची सगळी वर्षं पाथरी दिसली की ते मुद्दाम मोठ्यानं "डँडेलियन!" म्हणायचे, आणि मी तितक्याच मोठ्यानं "पाथरी!"

शेवटी हॉस्पिटलात भेटलो तेव्हा मी चहाच्या ग्लासात पाथरीचं एक रोप मुळासकट नेलं होतं. अंकल पार वाळले होते. रोपाकडे बघत त्यांचे ओठ हलले. "डँडेलियन."

"पाथरी," मी म्हटलं.

सिस्टरनं मला ग्लासासकट दरडावून बाहेर काढलं. चार दिवसांनी तो फोन आला.

पुस्तक त्यांचा भाचा वसईला घेऊन गेला. तो ग्लास माझ्या खोलीत आहे, मी त्यात दात घासायचा ब्रश ठेवतो. सकाळी तो उचलताना रोज वाटतं, मरणाऱ्या माणसापुढे एकदा डँडेलियन म्हणायला माझ्या बापाचं काय गेलं असतं? आणि रोज तेच डोळ्यांपुढे येतं. मी तसं म्हटलं असतं, तर अंकल नाकातली नळी उपटून उठून बसले असते, आणि सगळा वॉर्ड जागा होईल असे ओरडले असते, "देठ मोजलास का, गाढवा?"