आमच्याकडे शून्य लिहीत नाहीत

मी नाशिकमध्ये एका प्रयोगशाळेत द्राक्षं तपासते. परदेशी जाण्याआधी त्यांच्यावर फवारणीचे किती अंश उरलेत, ते मशीनवर बघते. दर हंगामात निफाडकडचा एखादा बागायतदार रिपोर्ट हातात धरून विचारतोच, "मॅडम, शून्य का नाय लिहिलं? लय बरं दिसलं असतं." आमच्याकडे शून्य लिहीत नाहीत. मोजता येण्याच्या मर्यादेखाली, असं लिहितात. मशीनला सापडलं नाही एवढंच आम्ही सांगू शकतो. मुळीच नाही, असं कोणत्या तोंडाने सांगणार? त्याला काही ते पटत नाही. चहा पिऊन जातो.

घरी मात्र शून्याचंच राज्य होतं. माझं सासर पंचवटीतलं, पौरोहित्य करणारं. मी बौद्ध घरातली. सासूबाईंनी लग्नात मोडता घातला नाही, हे त्यांचं मोठेपण. पण त्यांच्या सोवळ्याच्या कपाटाला मी हात लावायचा नाही. त्यांची शेगडी वेगळी, भांडी वेगळी, जेवण त्या स्वतःच रांधायच्या. मला काही द्यायचं असलं की ओट्यावर ठेवायच्या आणि हात मागे घ्यायच्या, मग मी उचलायचं. मी काही देतानाही तसंच. अकरा वर्षं. मला त्याचा राग यायचा आणि वाईटही वाटायचं. नवरा मधल्या मध्ये भरडला जाईल म्हणून बोलत नव्हते.

दोन वर्षांपूर्वी सासूबाईंचं पोट सारखं बिघडायला लागलं, अशक्तपणा आला. तपासण्या झाल्या. गव्हाचं वावडं निघालं, जन्मभराचं. डॉक्टर म्हणाले, "कणभरही नको. पोळ्यांचं लाटणंसुद्धा यांच्या जेवणाला लागू देऊ नका." सासूबाई बाहेर आल्या आणि मला म्हणाल्या, "हे काही मला नवीन नाही."

मी हसू दाबलं. खरंच, या आजाराला इतकं तयार घर शोधून सापडलं नसतं.

पण चार महिने झाले तरी रक्ततपासणीतला या आजाराचा आकडा खाली येईना. वजन उतरतच होतं. गिरणीत बाजरीच्या आधी कुणाचे ना कुणाचे गहू पडतातच, म्हणून आम्ही घरघंटी आणली. तरी तेच. सासूबाई बाजरीची भाकरी आणि वरण-भात खाऊन दिवसेंदिवस वाळत चालल्या होत्या, आणि मला पहिल्यांदाच त्यांची भीती न वाटता त्यांच्यासाठी भीती वाटायला लागली. एका दुपारी त्या म्हणाल्या, "तुझ्या पोळ्यांचा हात लागत असेल कुठेतरी."

माझं डोकं फिरलं. म्हटलं, "आई, माझा हात तुमच्या कशाला लागतो ते दाखवा. आणि कपाटातलं सगळं मला बघू द्या."

"तू हात लावू नकोस. मी काढून ठेवते."

त्यांनी एकेक जिन्नस ओट्यावर ठेवला. मी पाठीमागे हात बांधून, वाकून, लेबलं वाचत गेले. तांदूळ, तूरडाळ, हळद, तूप. शेवटी हिंगाची डबी. बारीक अक्षरांत लिहिलं होतं: गव्हाचं पीठ. विकतच्या हिंगात ते मिसळतात. वरणात, ताकात, भाजीत, दोन वेळा चिमूटभर, त्यांच्याच सोवळ्यातल्या हाताने. काखेत कळसा म्हणतात तो हाच. मी मोठ्याने वाचून दाखवलं. सासूबाईंनी डबी उचलून डोळ्यांजवळ धरली. "माझ्याच कपाटात," एवढंच म्हणाल्या. टोमणा माझ्या जिभेवर होता. त्यांची वाळलेली मनगटं बघितली आणि गिळला.

हिंग गेला. पुढच्या तपासणीत आकडा उतरला, त्याच्या पुढच्या तपासणीत आणखी. पण हातात भाकरी थापण्याइतकी ताकद अजून नव्हती. एका सकाळी पीठ मळताना त्या मधेच पाटावर बसल्या. मी काही न विचारता हात धुतले, त्यांच्या परातीत भाकरी थापली, त्यांच्या तव्यावर भाजली. त्यांनी अडवलं नाही. मी भाकरी घेऊन ओट्याकडे वळले.

"यात आता गव्हाचं अजिबात काही नाही ना?" त्यांनी विचारलं.

'अजिबात नाही' म्हणून टाकावं असं फार वाटलं. दमलेल्या माणसाला तेवढं तरी द्यावं. पण प्रयोगशाळेतली सवय आड आली.

"अजिबात नाही असं मी नाही सांगू शकत, आई. याच घरात आम्ही पोळ्या खातो. असलंच तर तुमच्या पोटाला कळणार नाही इतकं."

त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. "चालेल," म्हणाल्या, आणि मी भाकरी ओट्यावर ठेवायच्या आत हात पुढे करून ती माझ्या हातातून घेतली.

मला रडू आलं. अकरा वर्षं लागली याचा रागही आला.