होमपेजवर पाठवणारी ओळ

सदर भागातल्या आमच्या ऑफिसात तेव्हा बुटीबोरीच्या एका कारखान्यासाठी वेब ॲप बनत होतं. कामगारांच्या मोबाइलवर लिंक जाणार होती आणि ती उघडली की ज्याची त्याची शिफ्ट दिसायला हवी होती. पण कुठलीही लिंक उघडा, समोर यायचं होमपेजच. ॲप सुरू होताना लिंकमधला पत्ता वाचायच्या आधीच सगळ्यांना होमपेजवर पाठवणारी कोडची एक ओळ आमच्या टीम लीडनं लिहून ठेवली होती.

हे माझ्या लक्षात आलं त्याच संध्याकाळी ॲप कारखान्याकडे जायचं होतं.

"एखाद-दोन टॅप जास्त करतील लोकं. तू काहून अडून राहिली वं?" तो म्हणाला.

"लिंक शिफ्टची दिली तर शिफ्टच दिसली पाहिजे, सर. असं अर्धवट मी नाही पाठवत."

"मग मी पाठवतो."

"पाठवा. मी क्लायंटले आत्ताच सांगते."

आणि मी फोन लावलाच. सोमवारी दिलं तरी चालेल, असं तिकडून सांगितलं. मी ती ओळ काढली. ॲप आता आधी पत्ता वाचायचं, मगच पान उघडायचं.

लीड बरेच दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलला. सॉरी म्हणून टाक, असं सगळ्यांनी सुचवलं. मी ते म्हटलं नाही, आजही म्हणणार नाही.