मनस्विनीने रिकामा केलेला सर्व्हर

आयुष्यभर मी तोंडाला रंग लावून हजारो लोकांसमोर रडले. अजिबात न रडणारी नायिका मला आमच्याच घराच्या तळमजल्यावर भेटली.

रत्नागिरीतल्या त्या दोन खोल्या मी बागायतदार संघाला भाड्याने दिल्या होत्या. संघाचे आंबे इंटरनेटवरून विकले जात, आणि ते दुकान तिथल्या ज्या संगणकावर, म्हणजे जावा सर्व्हरवर, चालायचं, तो मनस्विनी सांभाळायची. तिचे वडील, राजाभाऊ, अर्धांगवायूने खाटेला खिळलेले. त्यांना सोडून परगावी नोकरी करणं तिला शक्यच नव्हतं.

२००६च्या मे महिन्यात संघाने सगळं काम पुण्याच्या कंपनीला दिलं. ते तिकडे वळवून देणं, हे तिचं शेवटचं काम.

मी चहा घेऊन खाली गेले. पडद्यावर एक फाईल उघडी होती.

"कनेक्टरची आहे, मावशी. आलेल्या गिऱ्हाइकाला कुठल्या सर्व्हरकडे पाठवायचं ते यात लिहायचं. आता नवे सगळे पुण्याला. जे आधीपासून इथे आहेत, त्यांची ऑर्डर पुरी होईपर्यंत इथेच."

"आणि मग?"

"मग इथला बंद."

"मेल्ये, एखादी ओळ चुकव ना! पहिल्याच अंकाला पडू दे त्यांचा पडदा. धावत येतील तुझ्याकडे."

"येतील," ती रेल्वेचं वेळापत्रक वाचावं तशी म्हणाली. "पण पेट्या भरून पडल्यात लोकांच्या."

तिने फाईल सेव्ह केली. मग सर्व्हरवर कितीजण आहेत ते दाखवणारं पान उघडलं. आकडा उतरत गेला. एकजण मात्र हलेना.

"हा कोण गो?"

"ठाऊक नाही. पत्ता लिहीत असेल."

"घालव त्याला."

"लिहिलेलं जाईल त्याचं."

आम्ही दोघी त्याच्यासाठी बसून राहिलो. चहावर साय धरली. शेवटचा प्रेक्षक बाहेर पडेपर्यंत मी कधी रंगमंचावर थांबले नव्हते.

शेवटी शून्य आलं. तिने सर्व्हर बंद केला. तेवढ्यात संघाचे सेक्रेटरी रावजी यांचा फोन आला. त्यांचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"काय गो, झालं? मला तर काहीच फरक दिसला नाही!"

"दिसायचा नव्हताच, रावजीकाका."

"शाब्बास! सुटलो बुवा!"

तिने फोन ठेवला. "बाबांना कुशीवर वळवायचंय," म्हणाली आणि चपला शोधू लागली. चपला समोर उंबऱ्याशीच होत्या. तिला दिसत नव्हत्या.

मी वाकून त्या तिच्या पायाशी ठेवल्या.