कौशल्याबाईंची काळी पाच

निगडीच्या प्राधिकरणात बायकांची भजनी मंडळं किती, ते कुणी मोजलेलं नाही. पण काळी पाचमध्ये गाणारी बाई एकच, असं कौशल्याबाई सांगायच्या. न विचारता सांगायच्या. भाजीवाल्यालाही एकदा सांगून झालं होतं, आणि त्या बिचाऱ्याने मान डोलावून कोथिंबीर जास्त घातली होती. पेटीवरची पाचवी काळी पट्टी धरून गायचं म्हणजे आवाज चांगलाच वर न्यावा लागतो. बेताच्या गळ्याची बाई दुसऱ्या अंतऱ्यापर्यंत घामाघूम होते. कौशल्याबाईंना घाम यायचा नाही.

हा आवाज त्यांनी काही कुठल्या गुरूपुढे बसून कमावला नव्हता. बार्शीकडून लग्न होऊन आल्या, नवरा रंगराव कारखान्यात प्रेस शॉपला, पत्रे ठोकणाऱ्या यंत्रांवर, आणि एका पगारात भागेना म्हणून त्या भोसरीच्या एका शेडमध्ये गाड्यांच्या वायरिंगचे जुडगे बांधायला जाऊ लागल्या. तिथं दिवसभर कंप्रेसर धडधडायचा. शेजारणीला गाणं ऐकवायचं तर कंप्रेसरच्या वरून गायला हवं. सतरा वर्षं गायल्या. पुढे शेड बंद पडली, सोसायटीत मंडळ निघालं, आणि पहिल्याच दिवशी पेटीवाले अण्णासाहेब त्यांचं गाणं ऐकून म्हणाले, "बाई, तुमची पट्टी काळी पाच आहे. अशी फार कमी जणींची असते."

आता यात एवढं काय, असं कुणी म्हणेल. पण तोवर कौशल्याबाईंबद्दल कुणी काही नेमकं सांगितलंच नव्हतं. कुणाची सून, कुणाची आई, शेडमध्ये तर नुसती "तीन नंबरची बाई". ही पहिलीच गोष्ट अशी होती की जी फक्त त्यांची होती. ती त्यांनी बावीस वर्षं जपली. मंडळात पुढे बसायच्या त्याच, मागे चौदा जणी, त्याच पट्टीत.

अण्णासाहेबांची बोटं थरथरायला लागली, मग मुलगा त्यांना नाशिकला घेऊन गेला. जाण्याआधी त्या भल्या माणसाने मंडळाच्या सगळ्या भजनांची पेटी-तबल्याची साथ रेकॉर्ड करून ठेवली. कौशल्याबाईंची सून दिपाली हिंजवडीला कामाला. तिने ती सगळी साथ गाण्याचा सराव करायच्या एका अ‍ॅपमध्ये भरली आणि रविवारी सासूला शिकवायला बसली.

"आई, इथं दाबलं की साथ वाजते. तुम्ही गायलात की तुमचा आवाज हिरव्या रेघेत दिसतो, मूळ चाल निळ्या रेघेत. हिरवी रेघ निळीवर बसली पाहिजे. एकच ओळ पुन्हापुन्हा वाजवायची तर हे बटण. चाल अवघड वाटली तर इथून हळू करायची."

"आणि हे अधिक-उणे?"

"त्याला हात लावू नका. पट्टी बदलते त्याने."

दिपालीने हे सांगायला नको होतं.

पहिले सहा-आठ महिने कौशल्याबाईंना तिकडे बघायची गरजच पडली नाही. रोज चारला सोसायटीच्या हॉलमध्ये मोबाइल स्पीकरला जोडायचा आणि सुरू. मग एका दुपारी गौळणीच्या दुसऱ्या अंतऱ्याला वरचा सूर लागलाच नाही. घसा चिरकला. सर्दी झालीय म्हणून त्यांनी वेळ मारून नेली. आठ दिवसांनी सर्दी नव्हती, तरी तेच. घरी एकट्या असताना त्यांनी अ‍ॅप लावलं, ती एकच ओळ वीस वेळा वाजवली. वीसही वेळा हिरवी रेघ निळीच्या खाली धडपडली. डॉक्टरांनी घसा बघितला. म्हणाले, घसा चांगला आहे, वय झालं. चौसष्टाव्या वर्षी एवढं गाता हेच खूप. म्हणजे समजूत काढली, आणि तीही वर मीठ चोळून.

त्या दिवशी कौशल्याबाईंनी उणे दाबलं. एकदाच. पडद्यावर उणे एक आलं आणि पेटी अर्धा सूर खाली उतरली. गायल्या. वरचा सूर अलगद लागला. त्यांना इतकं बरं वाटलं की देवापुढे साखर ठेवली.

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये त्यांनी उणे एकवरच साथ लावली आणि मोबाइल पालथा ठेवला. कुणाच्या काही लक्षात आलेलं दिसलं नाही. मग वर्षभरात उणे एकचे दोन झाले, तीन झाले. चोरी म्हणावी तर चोरीच ही, पण कुणाचं काय गेलं, असं त्या स्वतःला समजवायच्या. दिवाळीनंतर त्या उणे पाचवर आल्या होत्या, म्हणजे पांढरी चार. तोंडाने मात्र काळी पाचच सांगायच्या. घरी रंगरावांना गाऊन दाखवायच्या. प्रेस शॉपने त्यांच्या कानांचं अर्धं काम आधीच आटपलेलं, ते म्हणायचे, "झकास."

एक गोष्ट मात्र त्यांना खटकायला लागली होती. मागच्या बायकांचा आवाजच निघेना. खालच्या ओळींना तर नुसती गुणगुण. विजयश्री, चाकणच्या एका कंपनीचं कँटीन सांभाळणारी, पस्तिशीची, खणखणीत गळ्याची, पहिल्या शिफ्टवरून थेट सरावाला येणारी, ती सारखी खाकरायची. अंजलीताई गरम पाण्याची बाटली घेऊन बसायला लागल्या. कौशल्याबाईंनी दोनदा सगळ्यांची खरडपट्टी काढली. "तोंडं उघडा की गं. मेल्यासारख्या काय गाता?" चौदाजणी मान खाली घालून ऐकून घ्यायच्या.

आणि मग चिंचवडच्या भजन स्पर्धेचा कागद आला. त्यात लिहिलं होतं, मोबाइलवरची साथ चालणार नाही. पेटी-तबल्याची साथ संयोजकांकडून मिळेल.

कौशल्याबाईंनी तो कागद दोनदा वाचला. पेटीवाला सगळ्यात आधी पट्टी विचारणार. सगळ्यांदेखत विचारणार. पांढरी चार म्हणावं तर बावीस वर्षांची अब्रू गेली, काळी पाच म्हणावं तर स्टेजवर घसा चिरकणार. नाव काढून घ्यायचं तर बायकांनी एकसारख्या साड्या घेऊन ब्लाउज शिवायला टाकलेले.

बारा दिवस होते. त्या अ‍ॅप घेऊन बसल्या आणि एकेक उणे कमी करायला लागल्या. उणे चार जमलं. उणे तीनला गळ्याच्या शिरा ताणल्या. उणे दोनला दुसऱ्या अंतऱ्यात हिरवी रेघ तुटून नाहीशीच झाली. अ‍ॅपमध्ये स्वतःचं गाणं परत वाजवायची सोय आहे, तीही त्यांनी वापरून बघितली. जो आवाज ऐकू आला तो एका म्हाताऱ्या बाईचा होता. त्यांनी मोबाइल बंद केला.

शेवटी त्यांनी ठरवलं, लवकर जायचं आणि पेटीवाल्याला एकट्याला गाठून कानात सांगायचं. रविवारी तासभर आधी पोचल्या. पण पेटीवाले सोपानराव सकाळपासून स्टेजवरच, एकामागून एक मंडळांना साथ देत होते, पाणी प्यायलासुद्धा खाली उतरत नव्हते. निगडीचं नाव पुकारलं. पंधराजणी टाळ घेऊन वर चढल्या, बसल्या. सोपानरावांनी भात्यावर हात ठेवला आणि विचारलं, "माउली, पट्टी कुठली?"

कौशल्याबाईंनी टाळाची दोरी बोटाला गुंडाळली, पुन्हा सोडवली.

"पांढरी चार, दादा," मागून विजयश्री म्हणाली. रिक्षावाल्याला पत्ता सांगावा इतक्या सहज.

कौशल्याबाईंनी मागे वळून बघितलं. एकीच्याही चेहऱ्यावर नवल नव्हतं. सगळ्या आपापल्या टाळांकडे बघत होत्या.

"तुला कुणी सांगितलं?" त्यांनी हळूच विचारलं.

"सांगायला कशाला हवं काकू? रोज त्यातच गातोय ना आम्ही."

"कधीपासून कळलंय?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"आमचं ठरलं होतं, बोलायचं नाही म्हणून. तुम्हाला जमत होतं, आम्ही जमवून घेत होतो. मी घरी गेल्यावर तेच अ‍ॅप लावून तासभर काळी पाचला गाते, म्हणजे गळा मोकळा होतो. अंजलीताई खालच्या ओळीला नुसतं तोंड हलवतात."

अंजलीताईंनी पदर तोंडाला लावला. हसत होत्या की काय, कळलं नाही.

वर्षभर या बायका आपल्यापायी खालच्या पट्टीत गुदमरत होत्या, आणि वरून आपण त्यांनाच झापत होतो. कौशल्याबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपण लपवतोय असं त्यांना वाटत होतं, आणि खरं तर लपवत होत्या त्या चौदाजणी.

"ठरवा माउली," सोपानराव म्हणाले. "वेळ चालू झाली."

पांढरी चार म्हटलं असतं तर पुढची जागा राहिली असती. समोरच्या लोकांना काय कळणार होतं? मागच्यांनी आजही जमवून घेतलं असतं, एक अक्षर न बोलता. तेच त्यांना सोसवेना.

"काळी पाच," कौशल्याबाई म्हणाल्या. "आणि पुढे ही बसणार." त्यांनी विजयश्रीचा दंड धरला.

"काकू, आत्ता? माझी तयारी नाही."

"रोज तासभर करतेस म्हणालीस ना? बस."

त्या उठल्या आणि मागच्या ओळीत, अंजलीताईंच्या शेजारी जाऊन बसल्या. अंजलीताईंनी मांडी सावरून जागा दिली. पेटी सुरू झाली, बऱ्याच दिवसांनी आपल्या जुन्या उंचीवर. पहिल्या अंतऱ्यापर्यंत कौशल्याबाई सगळ्यांबरोबर गायल्या. दुसऱ्याला वरचा सूर जवळ आला तशा त्या थांबल्या आणि नुसता टाळ धरला.

चौदा आवाज एकदम वर गेले. विजयश्रीचा तर गेलाच, पण अंजलीताईंचा आवाज इतका गोड आहे हे त्यांना आज कळलं, एवढ्या वर्षांनी, हाताच्या अंतरावर बसून. बावीस वर्षं हे सगळं त्यांच्या पाठीमागे होतं आणि त्यांना फक्त स्वतःचाच आवाज ऐकू येत होता. हेवा वाटला, खोटं कशाला बोला. डोळेही भरून आले, आणि ते त्यांनी पुसले नाहीत, कारण दोन्ही हातांत टाळ होता. मग सूर वरून उतरून त्यांच्या आवाक्यात आला, आणि त्या पुन्हा बाकीच्या बायकांत मिसळून गायला लागल्या.